१९०१ पासूनचा रोजचा पाऊस वेब-नकाशावर: स्लायडर हलवला की ब्राउझर गोठतो

पागोळी (प्रश्न)

हवामान खात्याचा पाव अंशाच्या चौकटींचा रोजचा पाऊस (१९०१ ते २०२३) वेब-नकाशावर दाखवायचा आहे. खाली तारखेचा स्लायडर आणि शेजारी प्ले बटण. नकाशासाठी मॅपलिब्रे (ब्राउझरमध्ये नकाशा काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरतोय.

सध्याची रचना अशी: प्रत्येक चौकटीचा एक बहुभुज, त्यात तारीख आणि मिलिमीटर. भारतावर पडणाऱ्या चौकटी पाच हजारांच्या आसपास, म्हणजे एका वर्षाचे सव्वाअठरा लाख बहुभुज. एका वर्षाचं जिओजेसन (नकाशावरचे आकार मजकुरात लिहिणारी फाइल) साडेतीनशे एमबीच्या वर जातं. ते एकदा भरून स्लायडरवर फिल्टर बदलून पाहिला, तर टॅबच कोसळतो. मग रोजची वेगळी फाइल करून दर वेळी सेटडेटाने नकाशाला नवी फाइल दिली. ते चालतं, पण सेकंदाला दोन-तीन दिवसांपुढे जात नाही, आणि स्लायडर भराभर ओढला की नकाशा पाच-सहा सेकंद मागून येतो.

व्हेक्टर टाइल्स (आकारांचे झूमनुसार कापलेले तुकडे) केल्या तर सुटेल का? की डेक.जीएल या ग्राफिक्स चिपवर रंगवणाऱ्या लायब्ररीकडे जावं? सर्व्हर ठेवायचा नाही, नुसत्या फाइली होस्ट करायच्या आहेत.

---

चौकटराजा

टाइल्सनी सुटणार नाही. दुखणं वेगळीकडे आहे. तुमच्या चौकटी १२३ वर्षांत जागच्या हलत नाहीत, हलतो फक्त आकडा. आणि तुम्ही दर दिवसाला चारही कोपऱ्यांचे निर्देशांक पुन्हा पुन्हा पाठवताय. सेटडेटा केलं की मॅपलिब्रे तो सगळा मजकूर वर्करकडे (पडद्यामागे चालणाऱ्या धाग्याकडे) देतं, तिथे तो पुन्हा वाचला जातो, टाइलमध्ये चिरला जातो, त्रिकोण बनतात, मग ते जीपीयूकडे (ग्राफिक्स चिपकडे) जातात. फिल्टर बदलला तरी टाइलमधले आकार नव्याने बांधावेच लागतात. एका दिवसाच्या पाच हजार आकड्यांसाठी हा सगळा लग्नाचा खटाटोप.

आकडे सुटे करा. हिशेब असा:

मूळ जाळं १३५ × १२९, म्हणजे १७,४१५ चौकटी. समुद्र आणि शेजारी देश वजा केले की राहतात त्या पाच हजार. त्यांची यादी एकदाच बनवा: सगळ्या वर्षांत एकदा तरी खरं मोजमाप असलेली चौकट यादीत, बाकीच्या बाहेर. ही यादी नकाशा उघडताना एकदा उतरवायची. त्यानंतर प्रत्येक दिवस म्हणजे त्याच क्रमाने लिहिलेले पाच हजार आकडे. मिलिमीटरला १० ने गुणून पूर्णांक केला आणि १६ बिटांत ठेवला तर दिवसाला १० केबी, वर्षाला ३.६५ एमबी. जानेवारी ते मे बराचसा शून्यच असतो, त्यामुळे ब्रॉटली किंवा जीझिपने दाबल्यावर ते आणखी बरंच आकसतं. तुमच्या साडेतीनशे एमबीच्या जागी.

वर्षाला एक फाइल पुरे. रोजची वेगळी करू नका. पंचेचाळीस हजार फाइली होतील आणि प्ले करताना प्रत्येक दिवसासाठी विनंतीची ये-जा मोजत बसाल.

एक सापळा इथेच सांगतो. मूळ फाइलीत गहाळ मोजमाप −९९९ लिहिलेलं असतं. ते विचार न करता १० ने गुणून चिन्हरहित १६ बिटांत टाकलंत की ५५,५४६ होतं, म्हणजे नकाशावर ५,५५४.६ मिमी पाऊस. गहाळसाठी ६५,५३५ हा आकडा राखून ठेवा आणि कसलीही बेरीज करण्याच्या *आधी* तो बाजूला काढा.

रंगवण्याचे तीन मार्ग:

फीचर-स्टेट. पाच हजार बहुभुज एकदा टाका, प्रत्येकाला पूर्णांक आयडी द्या आणि दिवस बदलला की आकडा फीचर-स्टेटमधून द्या. भूमिती पुन्हा बांधली जात नाही. एकेक दिवस पुढे-मागे करायला पुरतं, सलग प्ले करायला नाही, कारण दर दिवसाला पाच हजार वेळा ते फंक्शन बोलवावं लागतं. शिवाय फीचर-स्टेट फिल्टरमध्ये चालत नाही, फक्त रंगासारख्या पेंट गुणधर्मांत चालतं.

कॅन्व्हास. नियमित जाळं आहे, मग बहुभुज हवेतच कशाला? छोट्या कॅन्व्हासवर पिक्सेल रंगवा आणि तो नकाशावर प्रतिमा म्हणून अंथरा. तुमच्या कामाला मी हाच मार्ग सुचवेन.

वेबजीएलमध्ये (ब्राउझरमधून जीपीयू थेट वापरण्याची सोय) स्वतःचा थर. सर्वांत वेगवान, पण शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) लिहिण्याची हौस असेल तरच.

---

मर्केटरची_वही

कॅन्व्हासला माझाही कौल. पण त्यात एक खड्डा आहे आणि तो दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं जाळं समान *अक्षांशांचं* आहे आणि वेब-नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा, ज्यात उत्तरेकडे जाताना अक्षांशांमधलं अंतर वाढत जातं. १३५ × १२९ ची प्रतिमा चार कोपरे देऊन अंथरली की चारही कोपरे बरोबर बसतात, आणि बसले म्हणून आपण खूश होतो. मधलं सगळं मात्र उत्तरेला सरकलेलं असतं, कारण प्रतिमा मर्केटरच्या उंचीत सारखी ताणली जाते. या जाळ्यापुरतं गणित करून पाहा: २२.५ अंशांची ओळ २३.४८ वर जाऊन बसते. जवळजवळ एक अंश, म्हणजे चार चौकटी. मुंबईची ओळ (१९.०७) जाते १९.९७ वर. म्हणजे पाऊस मुंबईत पडलेला आणि तुमचा नकाशा दाखवतोय डहाणूला! किनारपट्टी उत्तर-दक्षिण धावते, त्यामुळे पट्टा किनाऱ्यालगतच दिसतो आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

उपाय: कॅन्व्हास १३५ रुंद आणि १,२०० उंच घ्या. प्रत्येक ओळीची मर्केटर उंची काढा, त्या उंचीवरून उलट गणिताने अक्षांश काढा, त्यातून ६.३७५ वजा करून ०.२५ ने भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. ती तुमची मूळ ओळ. हा १,२०० नोंदींचा तक्ता एकदाच बनतो. दर दिवसाला फक्त १,६२,००० पिक्सेल भरायचे. रंगांचा तक्ता ३२ बिटी पूर्णांकांत आधीच तयार ठेवला आणि एका पिक्सेलला एकच लेखन केलं, तर साधा लॅपटॉपही ते काही मिलिसेकंदांत उरकतो.

वर ६.५ न लिहिता ६.३७५ का लिहिलं? फाइलीतले ६६.५–१०० पूर्व आणि ६.५–३८.५ उत्तर हे चौकटींचे *मध्यबिंदू* आहेत. कोपरे द्यायचे ते कडांचे: ६६.३७५ ते १००.१२५ आणि ६.३७५ ते ३८.६२५. मध्यबिंदूच कोपरे म्हणून दिले तर कडेला अर्ध्या चौकटीची, सुमारे १४ किमीची चूक होते.

आता मॅपलिब्रेच्या किल्ल्या. रास्टर-रिसॅम्पलिंग ‘निअरेस्ट’ ठेवा. मूळ ‘लिनिअर’ असतं, त्याने चौकटी धुरकट होतात आणि कडेच्या पारदर्शक चौकटींचा रंग आत झिरपतो. फेड-ड्युरेशन (जुनं चित्र विरून नवं उमटण्याचा वेळ) शून्य करा. कॅन्व्हास सोर्सचं ‘अ‍ॅनिमेट’ बंद ठेवा, नाहीतर काही बदललेलं नसतानाही प्रत्येक फ्रेमला कॅन्व्हास जीपीयूवर चढत राहतो आणि फोन तापतो. दिवस बदलला की प्ले आणि लगेच पॉज बोलवायचं, एकदाच चढतो.

मूळ फाइल वाचताना: ४ बाइटी फ्लोट, लिटल-एंडियन (आकड्याचा लहान बाइट आधी), आधी दिवस, मग अक्षांश, मग रेखांश. फाइलीचा आकार ६९,६६० ने भागून पाहा, ३६५ किंवा ३६६ यायलाच हवं. नाही आलं तर फाइल अर्धवट उतरली आहे. पहिली ओळ दक्षिणेची असते आणि कॅन्व्हासची पहिली ओळ वरची, म्हणून पहिल्या प्रयत्नात सगळ्यांचाच भारत शीर्षासन करतो.

---

दुर्बीण४२

वरचं सगळं बरोबर, पण स्लायडरबद्दल कोणी बोललं नाही. १२३ वर्षं म्हणजे ४४,९२५ दिवस. स्लायडर हजार पिक्सेलचा धरला तर एका पिक्सेलमागे ४५ दिवस येतात. बोट एका पिक्सेलने सरकलं की दीड महिना उडाला. त्या स्लायडरवर रोजचा पाऊस दाखवणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

नकाशाला झूम असतो तसा काळालाही द्या. तीन थर करा: वर्ष (१२३ फ्रेम), महिना (१,४७६ फ्रेम) आणि दिवस. पूर्ण पट्टी दिसत असताना वर्षाची बेरीज, दहा-पंधरा वर्षांची खिडकी असेल तर महिना, आणि एखादं वर्ष निवडलं तरच दिवस. महिन्याचा पूर्ण संच १६ बिटांत सुमारे १५ एमबी होतो. तो दशकागणिक तोडा, म्हणजे सव्वा-सव्वा एमबीचे तुकडे पडतील.

बेरीज करताना फक्त बेरीज ठेवू नका, त्या महिन्यातला सर्वांत ओला दिवस हाही दुसरा आकडा म्हणून ठेवा. महिन्याला ६०० मिमी रिमझिम पडून झाला की दोन दिवसांत कोसळून झाला, हे बेरीज सांगत नाही, आणि बघणाऱ्याला नेमकं तेच शोधायचं असतं.

मागून येणाऱ्या नकाशाचं कारण रांग. स्लायडर ओढताना सेकंदाला कित्येक घटना (इव्हेंट) येतात आणि तुम्ही प्रत्येकीसाठी काम सुरू करता. घटनेत फक्त ‘हवा असलेला दिवस’ एका चलात लिहा. रंगवायचं काम, ब्राउझर पुढची फ्रेम काढण्याआधी एकदाच बोलावतो त्या रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेममध्ये, आणि तेही तो दिवस बदलला असेल तरच. मधले दिवस गळाले तर गळू द्या. वर्षाची फाइल येत असतानाच बोट पुढे गेलं असेल तर जुनी विनंती अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलरने रद्द करा. चालू, मागचं आणि पुढचं अशी तीनच वर्षं मेमरीत ठेवा, बाकीची सोडून द्या. सेट-इंटरव्हल या ठरावीक अंतराने चालणाऱ्या टायमरवर प्ले चालवू नका, यंत्र मंद असेल तर कामं साचत जातात.

---

पंचांगवाला

तारखांचं मी सांगतो, कारण इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली: या संचातला दिवस मध्यरात्री बदलत नाही. एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी ८:३० ला *संपणारे* २४ तास. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस दुपारनंतर कोसळला, म्हणून तो २७ जुलैच्या फ्रेममध्ये आहे. लोक स्लायडर २६ वर नेतात, तिथे फारसं काही दिसत नाही, मग ‘डेटा चुकीचा’ असे निरोप येतात. लेबलवर नुसती तारीख न लिहिता ‘२७ जुलै, सकाळी ८:३० पर्यंत’ लिहा.

दुसरी: जावास्क्रिप्टची तारीख. वर्ष-महिना-दिवस अशी नुसती अक्षरं दिली तर ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र मानली जाते. न्यू जर्सीतल्या वाचकाला तीच फ्रेम एक दिवस अलीकडची दिसेल. म्हणून काही जण स्थानिक वेळेने तारीख बनवतात आणि दोन तारखांच्या वजाबाकीला ८,६४,००,००० मिलिसेकंदांनी भागून फ्रेमचा क्रमांक काढतात. भारतात तर त्याने आणखी गंमत होते. ब्राउझरच्या कालविभागांच्या नोंदीत १९०६ पूर्वी भारताचा फरक ५ तास २१ मिनिटं १० सेकंद आहे, मद्रासची वेळ. पुढे तो साडेपाच तास झाला. त्यामुळे १ जानेवारी १९०१ पासून मोजलेलं अंतर १९०६ नंतरच्या प्रत्येक तारखेला ८ मिनिटं ५० सेकंदांनी कमी भरतं, खालचा पूर्णांक घेतला की एक दिवस गळतो, आणि २७ जुलैला २६ जुलैची फ्रेम दिसते. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे होती, तिथे तूट आणखी वाढते.

तारीख हा प्रकार साठवणुकीत नकोच. १ जानेवारी १९०१ = ०, तिथून साधा दिवसक्रमांक. माणसाला दाखवताना फक्त यूटीसीच्या फंक्शनांनी तारीख बनवा आणि फॉरमॅट करतानाही कालविभाग यूटीसीच द्या.

---

पागोळी

आभार. कॅन्व्हास चालला, मुंबईचा पाऊस डहाणूहून परत आणला. आता दुसरी अडचण. चौकटीवर क्लिक केल्यावर तिचा १२३ वर्षांचा आलेख हवा आहे. त्यासाठी सगळ्या १२३ फाइली उतरवाव्या लागतायत.

---

चौकटराजा

तेच आकडे दुसऱ्या क्रमाने लिहिलेली दुसरी प्रत ठेवा. पहिली प्रत ‘एक दिवस, सगळ्या चौकटी’ अशी आहे, ही ‘एक चौकट, सगळे दिवस’. एका चौकटीचे ४४,९२५ आकडे, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ८९,८५० बाइट. सगळ्या चौकटी एकापाठोपाठ एकाच फाइलीत ठेवल्या तर ती साडेचारशे एमबीच्या आत राहते. क्लिक झाल्यावर चौकटीचा क्रमांक गुणिले ८९,८५० इथपासून तेवढाच तुकडा रेंज विनंतीने मागवायचा. डिस्कवर जागा दुप्पट लागते, लागू दे, डिस्क स्वस्त आहे.

झार (ठोकळ्यांत साठवण्याचा फाइल-प्रकार) वापरून एकाच प्रतीत मधला मार्ग काढता येतो (ठोकळा समजा ३६५ दिवस × १६ × १६ चौकटी), पण त्यात दोन्ही कामं थोडी थोडी मंद होतात. जाळं एवढं लहान असताना दोन प्रतीच बऱ्या.

रेंज विनंतीत बघायचं: उत्तर २०६ यायला हवं. २०० आलं तर सर्व्हर पूर्ण फाइल पाठवतोय. त्या फाइलीवर सर्व्हरचं जीझिप बंद ठेवा, कारण दाबलेल्या फाइलीवर बाइटचे क्रमांक वेगळे पडतात. फाइली दुसऱ्या डोमेनवर असतील तर कॉर्सची (दुसऱ्या डोमेनवरून वाचू देण्याची) परवानगी द्या.

---

गाडीरूळ

थोडं विषयांतर. माझ्याकडे जाळं नाही, गाड्यांचे जीपीएस ठिपके आहेत, महिन्याचे ९० लाख. डेक.जीएलमध्ये वेळेनुसार दाखवताना गाड्या दोन-दोन मिनिटं जागच्या जागी थांबतात आणि मग उडी मारतात. डेटा तर दर १० सेकंदांचा आहे.

---

चौकटराजा

वेळ युनिक्स सेकंदांत (१९७० पासून मोजलेल्या) दिली आहे ना? जीपीयूवर ती ३२ बिटी फ्लोट होते. सध्याच्या युनिक्स वेळेएवढ्या आकड्याला त्या फ्लोटमध्ये १२८ सेकंदांची पायरी पडते. तुमची दोन मिनिटं तीच. मिलिसेकंद दिले तरी पायरी १३१ सेकंदांची, सुटका नाही. प्रत्येक वेळेतून महिन्याचा पहिला क्षण वजा करा. १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांक फ्लोटमध्ये अचूक राहतात, म्हणजे सेकंदांत १९४ दिवस. महिन्याला भरपूर.

९० लाख ठिपके वस्तूंच्या यादीसारखे देऊ नका. रेखांश, अक्षांश, वेळ असे सपाट टाइप्ड-अ‍ॅरे द्या: ठिपक्याला १२ बाइट, एकूण १०८ एमबी. वेळेची खिडकी डेटा-फिल्टर एक्स्टेन्शनने जीपीयूवरच लावा. स्लायडर हलला की फक्त दोन आकडे बदलतात. संगणकावर हे निभावतं. फोनसाठी दिवसागणिक तुकडे करा.

आणि टिपेकॅनो या साधनाने टाइल्स करणार असाल तर सांभाळून. लांबच्या झूमला गर्दी झाली की तो ठिपके गाळतो, आणि गाळताना तुमच्या वेळेचा विचार करत नाही. सकाळी नऊची गर्दी आणि दुपारचा शुकशुकाट यांतला फरक त्यात पुसला जातो. लांबच्या झूमसाठी आधी स्वतःच षटकोन × तास (नकाशाच्या प्रत्येक षटकोनी तुकड्यात दर तासाला किती ठिपके) अशी मोजणी करून ठेवा.

---

मर्केटरची_वही

रंगांबद्दल राहिलं होतं. रोजच्या कमाल आकड्यानुसार पट्टी ताणू नका, मग जानेवारीतले ८ मिमी आणि जुलैतले ३०० मिमी एकाच गडद निळ्यात दिसतात. खात्याचेच टप्पे घ्या: २.५, १५.६, ६४.५, ११५.६ आणि २०४.४ च्या वर. ‘जोरदार’, ‘अति जोरदार’ हे शब्द लोकांच्या कानावरचे आहेत, लेबलही तेच. शून्य पारदर्शक आणि गहाळ राखाडी, दोन्ही एक करू नका.

प्ले करताना दोन दिवसांच्या मध्ये रंग हळूहळू बदलवण्याचा मोह होतो. दिसायला सुरेख, पण पाऊस तसा पडत नाही. मधली प्रत्येक फ्रेम आपण बनवलेली असते.

---

दुर्बीण४२

त्याच ओघात एक. नकाशा झाल्यावर कोणीतरी विचारणारच, २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी कुठे गेले? चौकट पाव अंशाची, उत्तर-दक्षिण साधारण २८ किमी, आणि आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून अंतराच्या वजनाने काढलेला. त्या दिवशी कुलाब्याला ७३ मिमीच होता. दोन्ही केंद्रं एकमेकांजवळ, त्यामुळे चौकटीत तो टोकाचा आकडा सापडणार नाही. पर्जन्यमापकांची संख्याही सगळ्या वर्षांत सारखी नाही, म्हणून १९१० च्या आणि २०१० च्या एकेका चौकटीची तुलना करून ‘मुसळधार वाढला’ असं नकाशाच्या मथळ्यात लिहू नका. चौकटीवर बोट ठेवल्यावर ‘चौकटीची सरासरी’ एवढे दोन शब्द दाखवले तरी निम्मे वाद मिटतात.

---

पागोळी

शेवटचं: हौस म्हणून वेबजीएलचा थरही करून पाहतोय. वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाला एक थर असे, एका टेक्स्चर-अ‍ॅरेत टाकले. लॅपटॉपवर दिसतात, एका जुन्या फोनवर काहीच येत नाही. आणि लॅपटॉपवरही प्रतिमा तिरकी फाटल्यासारखी दिसते.

---

चौकटराजा

तिरकं फाटणं: एका ओळीत १३५ आकडे × २ बाइट = २७०, आणि वेबजीएल मुळात प्रत्येक ओळ ४ च्या पटीत सुरू होते असं धरतं. प्रत्येक ओळ २ बाइटांनी, म्हणजे एका चौकटीने घसरत जाते. अनपॅक-अलाइनमेंट १ करा.

फोन: वेबजीएल २ मध्ये अ‍ॅरेच्या २५६ थरांचीच हमी आहे, त्यापुढे यंत्राची मर्जी. फोनवर कमाल थर किती ते आधी विचारून घ्या, किंवा सरळ सहा-सहा महिन्यांचे दोन अ‍ॅरे करा. आणि १६ बिटी पूर्णांकांच्या टेक्स्चरला ‘लिनिअर’ चालत नाही. फिल्टर ‘निअरेस्ट’ ठेवला नाही तर एरर न देता सगळं शून्य वाचलं जातं, तेही तपासा.